आक्काच्या ट्रॅक्टरचं वळतं ब्लेड

माझी थोरली बहीण ओतूरच्या पुढं, डोंगराच्या पोटाशी असलेल्या एका वाडीत दिली आहे. आम्ही तिला आक्का म्हणतो. मी नारायणगावात मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उलगडायच्या आणि परत भरायच्या, हेच माझं काम. आक्काची आणि दाजींची एकुलती मुलगी अवसरीच्या कॉलेजात शिकते आणि तिथंच राहते, त्यामुळं वाडीतल्या घरात दोघंच. दोघं आणि गाया.

त्यांच्या घरापासून डांबरी रस्त्यापर्यंतची वाट कच्ची आहे. एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला घळ. पावसाळ्यात डोंगराची माती आणि बारीकसारीक दगड घसरून वाटेवर येऊन बसतात. दुधाचा टेम्पो खाली फाट्यापर्यंतच येतो. म्हणून सकाळी आधी वाट मोकळी करायची आणि मग दूध खाली न्यायचं, असा त्यांचा नेम. त्यासाठी आक्काकडं एक जुना छोटा ट्रॅक्टर आहे, द्राक्षाच्या बागांमधून फिरतात तसला. त्याच्या मागं माती ओढायची एक लांब लोखंडी फळी जोडलेली आहे. तिला सगळे ब्लेडच म्हणतात.

हे ब्लेड सरळ ठेवलं तर माती नुसती पुढं पुढं ओढली जाते आणि ढीग होतो. तिरपं ठेवलं की माती एका बाजूला सांडत जाते. आता गंमत अशी, की फाट्याकडं जाताना घळ डाव्या हाताला येते आणि परत येताना उजव्या. माती तर घळीतच टाकली पाहिजे. म्हणजे दर फेरीला ब्लेड उलट्या अंगाला वळवायचं. ट्रॅक्टर थांबवायचा, खाली उतरायचं, जाडजूड पिन उपसायची, ब्लेड ढकलून दुसऱ्या भोकाशी आणायचं आणि पिन परत ठोकायची. चिखलात पिन अशी धरून बसते, की हातोडीशिवाय हलत नाही.

ट्रॅक्टर चालवते आक्का. दाजींना ट्रॅक्टरची भीती वाटते. तरुणपणी त्यांनी एक ट्रॅक्टर बांधावरून कलंडताना पाहिला, तेव्हापासून ते स्टेरिंगला शिवलेले नाहीत. त्याची त्यांना लाजही वाटत नाही. "गाया माझ्या, गाडी तिची," असं ते आल्यागेल्याला सांगतात. ते फावडं खांद्यावर टाकून ट्रॅक्टरमागं चालत जायचे आणि फेरी संपली की दोघं मिळून ब्लेड वळवायची. आक्का पिन उपसायची आणि दाजी पाठ लावून ब्लेड रेटायचे. तेवढ्या वेळात दोघांचं बोलणं चालायचं. कधी भांडण, कधी गाईचं दुखणं, कधी पोरीच्या फोनचा विषय. मी दोनचारदा पाहिलंय. पिन बसल्यावरही ती लगेच ट्रॅक्टरवर चढायची नाही.

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या विहिरीवरची मोटार जळाली. मी न कळवताच न्यायला गेलो. अंगणात शिरलो तर आक्का ओट्याच्या पायरीवर पाठमोरी बसलेली आणि मागं दाजी दातात कंगवा धरून तिची वेणी घालत होते. दावं वळावं तशी घट्ट आणि मन लावून. मला पाहून आक्का उठायला लागली.

"अगंबाई, तू कसा काय आज?"

"बस की," दाजी दातातला कंगवा काढून म्हणाले, "निम्मी ऱ्हायलीय अजून."

तेव्हा कळलं, की तिचा डावा खांदा आखडलाय. हात कानाच्या वर जात नव्हता आणि मागं तर मुळीच जात नव्हता. ओतूरच्या डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता आणि बरं व्हायला कित्येक महिने लागतील, असंही सांगितलं होतं.

"मला का नाय सांगितलंस?" मी म्हणालो.

"सांगून तू काय करणार व्हतास? खांदा रिवाइंडिंग करून देणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर वाटेवर गेलो. फाट्याशी आक्का ट्रॅक्टरवरून उतरली आणि एका हातानं पिन ओढायला लागली. मी पुढं झालो तर म्हणाली, "आज तू हायेस. उद्या?" दाजी पिनेला हात घालत होते, पण त्यांची ताकद ब्लेड रेटण्यातच जायची. तिसऱ्या झटक्याला पिन निघाली आणि आक्कानं खालचा ओठ दाताखाली धरला. माझ्या डोक्यातून ते गेलं नाही. जळालेली मोटार गाडीत टाकून परत येताना सगळ्या वाटेत मी एकच विचार करत होतो. हे ब्लेड बसल्या जागेवरून वळलं पाहिजे.

दुकानाआधी मी केबलचा धंदा केला होता. तेव्हा घराच्या गच्चीवर सॅटेलाइटच्या मोठ्ठ्या छत्र्या असायच्या आणि त्या इकडून तिकडं फिरवायला एक विजेचा जॅक असायचा. आत मोटार, बाहेर लांब नळी. बटन दाबलं की नळी सरकत बाहेर यायची, दुसरं दाबलं की आत जायची. पुढं घरोघरी छोट्या डिश आल्या, धंदा बसला आणि ते जॅक माझ्या माळ्यावर पडून राहिले. त्यातला एक मी उतरवला, साफ केला आणि ग्रीस भरलं. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर तो हळू चालायचा, पण चालायचा.

भरलेली मोटार विहिरीवर बसवायला गेलो, तेव्हा जॅकही घेऊन गेलो. एक टोक ब्लेडच्या चौकटीला आणि दुसरं ब्लेडच्या पाठीला जोडलं. पिन काढून टाकली आणि स्टेरिंगजवळ दोन बटनं बसवली. दाजी सारा वेळ शेजारी उभे राहून पाने-पक्कड देत होते.

"दाब आता," मी आक्काला म्हणालो.

तिनं बटन दाबलं. ब्लेड कुरकुरत वळायला लागलं, थेट घळीच्या अंगाला. आक्का खळखळून हसली. मग तिनं दुसरं बटन दाबलं, मग परत पहिलं. इकडून तिकडं, तिकडून इकडं. शेवटी मी म्हणालो, "आक्के, बॅटरी उतरंल!"

"आगं आई गं," ती म्हणाली, "मला वाटलं व्हतं तू नुसताच बोलतोस."

दाजींनी हातातला पाना खाली ठेवला. "बरं झालं. लई बरं झालं," म्हणाले आणि गोठ्याकडं गेले. गाईंची वेळ झाली असेल, असं मला वाटलं.

काही दिवसांनी दाजींचा फोन आला. दाजी स्वतःहून कधी फोन करत नाहीत, म्हणून मी घाबरलोच.

"पावणं, तुमचा जॅक वाकला."

"आक्का बरी हाय ना?"

"तिला काय व्हतंय! मातीत दगड व्हता. ब्लेड आदळलं आणि जॅक गेला कामातून. आमी पिन लावली परत. तुमी काय काळजी करू नका, निवांत या." आवाज चांगलाच खुशीत होता. तेवढ्यात आक्कानं फोन ओढून घेतला.

"निवांत बिवांत नाय. उद्याच ये."

वाकलेला जॅक घेऊन मी नारायणगावातल्या एका फिटरकडं गेलो. ट्रॅक्टरची कामं करतो आणि माझा जुना दोस्त आहे. त्यानं नळी हातात फिरवून पाहिली.

"राव, छत्रीला वाऱ्याशिवाय काय लागतं? हितं दगड लागत्यात. ह्याला तेलाचा सिलिंडर पायजे."

मग त्यानं मला नीट समजावून सांगितलं. ट्रॅक्टरला हायड्रॉलिकचं तेल असतंच. दोन पाइप टाकून एक छोटा सिलिंडर जोडायचा. एका पाइपातून तेल आलं की ब्लेड डावीकडं वळतं आणि दुसऱ्यातून आलं की उजवीकडं. मध्ये एक व्हॉल्व्ह असा द्यायचा, की ब्लेड दगडावर आदळलं तर तो तेल सोडून देईल, ब्लेड मागं सरेल आणि काहीच वाकणार नाही. माझा जॅक हट्टानं जागेवर उभा राहिला, म्हणून वाकला. मला विजेचं कळतं, तेलाचं नाही. मी त्यालाच बरोबर घेतलं.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही दोघं वाडीत गेलो. दिवसभर काम चाललं. सिलिंडर बसला, पाइप बसले आणि वळवायचा लिवर बसला. ट्रॅक्टरच्या उजव्या हाताला आधीच दोन लिवर होते, जागाच नव्हती, म्हणून हा तिसरा आम्ही डाव्या मडगार्डजवळ घेतला. तो नुसता दाबून चालत नाही. ब्लेड वळेपर्यंत धरून ठेवावा लागतो.

आक्का सीटवर बसली आणि तिनं डावा हात जमेल तेवढा मागं नेला. लिवरपर्यंत बोटं कशीबशी पोचली, पण धरताना तिचा चेहरा पिळवटला. आम्हा दोघांना एकदम कळलं. ज्या खांद्यासाठी हे सगळं केलं, नेमका त्याच हाताला लिवर दिला होता.

"ताई, एक पट्टी जोडून पुढं घेतो," फिटर म्हणाला. "फार काम नाय." मी पाना उचललासुद्धा.

आक्का गोठ्याकडं पाहत होती. दाजी दिवसभर तिकडंच होते. चहा आणून दिला तेवढाच, नाहीतर जवळ आले नव्हते. आता हातात वैरणीची पेंढी घेऊन आमच्याकडं पाहत उभे होते.

"राहू दे तो पाना," आक्का मला म्हणाली आणि मग तिनं हाक मारली, "अहो, जरा इकडं या."

दाजी आले.

"वर बसा हितं." तिनं मडगार्डवर थाप मारली.

"मी? ट्रॅक्टरवर?"

"स्टेरिंग कोण देतंय तुमाला? लिवर धरा फक्त. माझा हात पोचत नाय."

दाजींनी माझ्याकडं पाहिलं, फिटरकडं पाहिलं, पेंढी खाली ठेवली आणि हात पुसले. वर चढताना त्यांनी एका हातानं सीटची कड एवढी गच्च धरली, की बोटं पांढरी पडली. आक्कानं ट्रॅक्टर असा हळू काढला, की मी शेजारून सहज चालत होतो.

"आता डावीकडं घ्या."

"कुठली डावी? माझी का तुझी?"

"डावी म्हंजे डावी!"

"मी आडवा बसलोय. माझी डावी तिकडं हाय."

दोनतीनदा माती डोंगराच्याच अंगाला गेली. फिटर पोट धरून हसत होता. शेवटी आक्कानं डावी-उजवी सोडूनच दिली. ती फक्त "घळ!" म्हणायची आणि दाजी घळ कुठल्या बाजूला आहे ते बघून लिवर ओढायचे. ते बरोबर जमलं. दुसऱ्या फेरीला दाजींनी सीटची कड सोडली होती. मी पाना पेटीत टाकला.

श्रावणात एकदा मी त्यांच्याकडं मुक्कामाला होतो. सकाळी उठून पाहतो तर वळणाजवळ डोंगराचा मोठा लचका वाटेवर आलेला. वाडीतले लोक दुधाचे कॅन घेऊन अलीकडं उभे होते आणि खाली फाट्यावरून टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. आक्कानं ट्रॅक्टर काढला. दाजी कुणी न सांगता मडगार्डवर चढले. मी आणि बाकीचे फावडी घेऊन मागं.

ती माती एका दमात हलणारी नव्हती. थोडी ओढायची, थोडी घळीत सांडायची, मागं यायचं. "घळ!" आक्का ओरडायची आणि ब्लेड वळायचं. मध्येच खण्णकन आवाज आला. मातीत धोंडा होता. पण ब्लेड आपोआप मागं सरलं, धोंडा बाजूनं निघून गेला आणि दाजींनी लिवर ओढून ब्लेड परत होतं तसं केलं.

"बघितलं का?" दाजी मागं वळून वाडीतल्या लोकांना ओरडून सांगत होते. "वॉल हाय त्यात! तेल सोडतंय! वाकत नाय!"

"फुडं बघा," आक्का म्हणाली.

टेम्पोवाला थांबला होता. एकाही घराचं दूध वाया गेलं नाही. परत येताना मी ट्रॅक्टरमागून चालत होतो. दोघांचं काहीतरी बोलणं चाललं होतं. इंजिनाच्या आवाजात मला ऐकू येत नव्हतं. आक्का मान डोलवत होती आणि दाजी एक हात लिवरवर ठेवून दुसऱ्यानं हवेत काहीतरी समजावून सांगत होते.

हिवाळ्यात तिचा खांदा सुटला. हात वर जायला लागला, मागंही जायला लागला. मी म्हणालो, आता तुझी तू लिवर धरशील. ती म्हणाली, "आणि हे काय करतील?" एवढंच.

यंदा पलीकडच्या वाडीनंही त्यांना बोलावलं, त्यांची वाट साफ करून द्या म्हणून. दोघं जातात. दाजींनी पोत्याला टाके घालून मडगार्डवर बसायला गादी केली आहे. गेल्या महिन्यात त्यांचा मला फोन आला. शेजारी धरायला एक कडी वेल्डिंग करून हवी होती.

"तुमची बहीण," ते म्हणाले, "वळणावर लई जोरात नेते."