समोरची कड

दीड महिना झाला. देगलूरहून गिरिजाक्कांच्या महानंदाचा फोन आला, "सर, आई गेली…" आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न काय निघावा? "तो रुपया कुठाय?" माझी मलाच लाज वाटली. पण ती पोर रडता रडता हसली. "आई म्हणलीच होती, सर हेच इचारतील."

गिरिजाक्का देगलूरच्या बसस्टँडजवळ खानावळ चालवायच्या. गल्ल्यात आलेलं वेगळं नाणं बाजूला काढून ठेवायचा त्यांना नाद. मी लातूरचा निवृत्त मास्तर, उभा जन्म नाणी जमवण्यात गेलेला. कोणतं नाणं टांकसाळीतच चुकलं आणि कोणतं नंतर कुणी बिघडवलं, यात माझा शब्द शेवटचा, असं लोक म्हणत. खरं तर लोकांपेक्षा मीच जास्त म्हणत असे.

लातूरच्या प्रदर्शनात त्या पहिल्यांदा आल्या, त्या रुमालात बांधलेला एक रुपया घेऊन. टांकसाळीत चुकलेल्या नाण्यांच्या टेबलावर तो मांडायचा होता. कडेचा चंद्रकोरीएवढा तुकडा गायब. मी भिंगसुद्धा न लावता सुनावलं, "बाई, हे कानशीनं घासलेलं आहे. इथं चालणार नाही." दोघं-तिघं फिदीफिदी हसले. अक्कांचा चेहरा उतरला नाही, तापला. "म्हंजी मी खोटी? माणसं रोज माझ्या हातचं इस्वासानं खातेत, सर!" रुपया उचलून तरातरा निघून गेल्या.

मला वाटलं, ब्याद टळली. कसली टळते! दुसऱ्या दिवशी बाई हजर. सोबत पोळपाट, लाटणं, कणकेचा डबा आणि पितळेची वाटी. माझ्याच टेबलावर त्यांनी भली मोठी पोळी लाटली. "सर, पुऱ्या केल्यात का कधी?"

त्यांनी वाटीनं एक पुरी कापली, मग वाटी त्या भोकावर जराशी सरकवून दुसरी. दुसरीची कड अगदी तश्शीच खाल्लेली! "पत्र्यातून चकत्या पाडताना असंच होतंय. आता तुकडा गेलाय त्याच्या बरोब्बर समोरची कड बगा. चकतीची कड उचलायला दोन्हीकडून दाब लागतो. हिकडं तुकडाच न्हाई, तर तिकडं दाब कुठून यावा? लई नाणी बगून सांगायलेय मी."

भिंग लावलं. समोरची कड पुसट, जणू विरघळलेली. नंतर कानस मारणाऱ्याला हे जन्मात साधणार नाही. माझी नजर टेबलावरच्या माझ्याच मखमलीवर गेली; तिथं असाच एक तुटका रुपया होता, वर्षानुवर्षं मिरवलेला. त्याच्यावर भिंग धरलं… समोरची कड ठसठशीत. घासलेला होता तो, माझा! मुकाट्यानं उचलून खिशात टाकला आणि त्या जागी अक्कांचा रुपया ठेवला. हॉलभर टाळ्या. अक्का म्हणाल्या, "टाळ्या ऱ्हाऊ द्या. कुणाकडं कढई हाय का? कणीक वाया जाईल."

त्या दिवसापासून त्यांना विचारल्याशिवाय मी कुठल्या नाण्यावर शेवटचा शब्द उच्चारला नाही. किती वेळा वाचलो, सांगत नाही. मास्तरची थोडी तरी अब्रू राहू द्या.

गेल्या आठवड्यात नांदेडला प्रदर्शन होतं. महानंदानं रुपया पाठवला, सोबत पितळेची वाटी. मी रुपया पहिल्याच टेबलावर मांडला. उदगीरचे एक व्यापारी वाकले, मान हलवली आणि चारचौघांत म्हणाले, "हे तर कानशीनं घासलंय, मास्तर."

काय आनंद झाला म्हणून सांगू! मी टेबलाखालून कणकेचा डबा काढला.

"शेठ, पुऱ्या केल्यात का कधी?"