जातीच्या रकान्यातल्या दोन रेघा

माझं अक्षर चांगलं. त्यामुळे पोलिसात लागल्या वर्षीच मला ठाण्याचा रायटर केलं, म्हणजे रजिस्टरं लिहिणारा हवालदार, आणि पुढची सगळी नोकरी मी खुर्चीवर काढली. चोर पकडणारे पकडत राहिले, मी लिहीत राहिलो. पोट तेवढं वाढलं.

ताब्यात घेतलेल्यांच्या तक्त्यात पाच रकाने असतात: नाव, वय, धंदा, गाव आणि जात. पहिले चार माणूस स्वतःच सांगतो. पाचव्याची मात्र पंचाईत होते. ज्याच्या मांडवात आपण मागच्याच महिन्यात पोटभर जेवून आलो, त्याला खुर्ची द्यायची, चहा पाजायचा आणि मग विचारायचं, "आपली जात?" जीभ रेटत नाही. अंदाजाने लिहावी तर दुसऱ्या दिवशी पोटजात चुकली म्हणून वकील हजर. म्हणून मी ते घर कोरं सोडायचो. पण महिना संपला की जिल्ह्याच्या कचेरीला कोरं घर चालत नाही. मग वर जे लिहिलं असेल त्याच्याखाली दोन बारक्या रेघा ओढायच्या, म्हणजे वरच्यासारखंच. ही युक्ती माझ्या आधीच्या रायटरने मला शिकवली, त्याला त्याच्या आधीच्याने. जिल्ह्यातल्या बाबूला घर भरलेलं दिसलं की तो खूश. आंधळं दळत होतं आणि कुत्रं पीठ खात होतं, कोणाचीच तक्रार नव्हती.

मग कॉम्प्युटर आला. रेघा ओढायची सोय गेली म्हणून मी आठवडाभर चिडचिड केली. ठाण्यातल्या एका पोरगेल्या शिपाईबाईने माझं दुःख ओळखलं आणि दाखवलं, "काका, वरच्या घराचा कोपरा धरायचा आणि खाली ओढायचा." मी ओढला. अख्खा महिना एका झटक्यात भरला. विज्ञानावर माझा तेव्हापासून विश्वास बसला.

हे सगळं आर्णीकडच्या एका ठाण्यात. कोणत्या, ते सांगत नाही, तिथे अजून माझी माणसं आहेत. पोळ्याच्या महिन्यानंतर तिथे नवे ठाणेदार आले. तरुण, हुशार, आणि त्यांना गोल आकृत्यांचं भारी वेड. त्यांनी माझा पोळ्याच्या महिन्याचा तक्ता घेतला, कॉम्प्युटरला काहीतरी सांगितलं, आणि दुर्गोत्सवाच्या शांतता समितीच्या बैठकीत भिंतीवर एक मोठं वर्तुळ पाडलं. वर मथळा होता, 'समाजनिहाय गुन्हेगारी'. वर्तुळाला फाका असायला पाहिजेत, एवढं मलाही कळतं. याला एकही फाक नव्हती. अख्खी भाकर एकाच रंगाची, आणि खाली एकच शब्द: पारधी.

त्या महिन्यात पहिल्या ओळीत बेड्यावरच्या, म्हणजे पारध्यांच्या वस्तीवरच्या, एका माणसाचं नाव होतं, आणि मी कोपरा धरून खाली ओढला होता. आता कोणीतरी उठेल, मला वाटलं. गावाबाहेरच्या पाच-पंचवीस झोपड्यांच्या बेड्याने महिनाभरात रेती चोरली, मोटरसायकली ठोकल्या, शेताच्या धुऱ्यावरून डोकी फोडली आणि पोळ्याला जुगाराचे तीन अड्डे चालवले, हे कसं शक्य आहे, असं कोणीतरी विचारेल. कोणीही विचारलं नाही. नवलसुद्धा कोणाला वाटलं नाही. पहिल्या रांगेत तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष बसले होते, त्यांना सगळं गाव काका म्हणतं. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले, "साहेब, आमी हे कधीचंच सांगून राह्यलो!"

काका पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, कराच्या दिवशी, गोठ्यातल्या जुगाराच्या धाडीत सापडले होते. तक्त्यात त्यांचं नाव नवव्या ओळीत होतं. त्या वर्तुळात तेही होते, आणि टाळ्याही त्यांनीच वाजवल्या.

मी तोंड उघडलं नाही. लाज वाटते, पण खरं तेच आहे. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं.

वर्तुळ ठाण्याच्या फलकावर लागलं. कोणीतरी फोटो काढला, तो मोबाईलवर फिरला, मग एका साप्ताहिकात छापून आला. मी मनाची समजूत घातली, चार दिवसांनी लोक विसरतील. आणि चौथ्या दिवशी बेड्यावरची एक पोरगी ठाण्यात आली.

ती बसस्टँडजवळच्या काकांच्या एका गाळ्यात शिवणकाम करायची. बेड्यावरून बारावीपर्यंत शिकून गावात गाळा घेणारी ती पहिली. ब्लाऊज, फॉल-पिको आणि आमचे गणवेश. ठाण्यातल्या प्रत्येकाची कंबर तिला पाठ होती, कारण दर दिवाळीला आमच्या सगळ्यांच्या पँटी ढिल्या करायला तिच्याकडेच जायच्या. माझी तर वर्षातून दोनदा. हातात ते साप्ताहिक घेऊन ती माझ्या टेबलासमोर उभी राहिली.

"रायटरभाऊ, काकानं मले सोमवारपर्यंत गाळा खाली कराले सांगतला. म्हणे, पेपरात आलं, आता तुमच्यातल्या माणसाले जागा देली तं लोक मले नावं ठेवतील. मले एवढंच सांगा, हे सारे आमच्यातले कोण कोण? मले तं एवढे लोक माहीतच नाही."

मी खेकसलो. चूक आपली असली की माझा आवाज आपोआप चढतो. म्हटलं, सरकारी कागद आहे, असा दाखवता येत नाही. ती हलली नाही. तिच्यामागे जबाबासाठी आलेली दोन माणसं उभी होती, तीही कान टवकारून राहिली. शेवटी मी रागारागात तक्ता ओढला आणि वाचायला लागलो. पहिला, तिचाच मोठा भाऊ. तिने मान हलवली. दुसरा, रेतीच्या ट्रॅक्टरचा मालक. तिसरा, सोयाबीनचा व्यापारी. चौथा, माजी सरपंचाचा जावई. पाचव्याला तिने पदर तोंडाला लावला, सातव्याला ती बाकावर बसली आणि मागची दोन माणसं भिंतीला टेकून हसायला लागली. नवव्याला मी थांबलो.

"वाचा नं जी."

मी वाचलं. ती जागची उठली.

"काका? काका आमच्यातले हायत?"

"कागदावर आहेत," मी म्हणालो.

ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग पाणीच राहिलं आणि हसू गेलं. डोळे पुसून तिने विचारलं, "बाकीच्यायले तुमी जात इचारली नसन. माह्या भावाले तरी इचारली होती काय?"

नव्हती विचारली. त्याला विचारायची कोणाला गरजच वाटली नव्हती. एका शेतकऱ्याच्या विहिरीवरची मोटर नाहीशी झाली, तेव्हा तपासाची पहिली पायरी म्हणून शिपाई थेट बेड्यावर गेले आणि समोर जो सापडला त्याला घेऊन आले. तो दाराशी आला तेव्हाच मी पाचवा रकाना भरून टाकला होता. तिसऱ्या दिवशी कळलं की मोटर शेतकऱ्याच्या साळ्याने दुरुस्तीला नेली होती. भावाला सोडलं, पण तक्त्यातली ओळ तशीच राहिली. ओळ काढायचा रकाना कुठे असतो?

मी तक्ता मिटला. ती निघून गेली.

पुढचं मी गाळ्याशेजारच्या चहावाल्याकडून ऐकलं. सोमवारी काका कुलूप घेऊन आले. तिने त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला आणि भर बाजारात मोठ्याने म्हणाली, "काका, मले माहीतच नव्हतं जी, तुमी आमच्यातले! आपल्याच समाजाच्या पोरीले गाळ्यातून काढता व्हय?" बाजार थांबला. काका कुलूप घेऊन तसेच ठाण्यात आले.

"मले पारधी कायले लिहलं? आत्ताच्या आत्ता दुरुस्त करा!"

तोपर्यंत माझ्या अंगात थोडा खट्याळपणा आला होता. मी कोरा कागद पुढे केला. "अर्ज द्या काका. असं लिहा, मी अमुक समितीचा अध्यक्ष, कराच्या दिवशी गोठ्यात जुगार खेळताना सापडलो, माझी जात चुकली आहे, तरी ती दुरुस्त करून फलकावर लावावी."

काकांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं. "हे फलकावर लागन?"

"दुरुस्ती तिथेच लागते."

हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार? काका उठले. दारातून वळून म्हणाले, "राहू द्या मंग. पोरगी चांगली हाय तशी. गाळाही रिकामाच पडला असता." कुलूप टेबलावर विसरून गेले. ते अजून माझ्या घरी आहे.

त्यानंतर मी ठाणेदारांसमोर उभा राहिलो आणि कोपरा ओढल्याचं कबूल केलं. ते खूप ओरडले. त्यांचा राग बरोबर होता, म्हणून मी पहिल्यांदाच मुकाट्याने ऐकलं. मग बसलो आणि तक्त्यातल्या एकेकाला फोन लावून जात विचारली. रेतीवाला म्हणाला, तुमच्या बापाला विचारा. व्यापारी म्हणाला, 'इतर' लिहा. जावई म्हणाला, सासऱ्याशी बोला. शेवटी सगळेच 'इतर' झाले. तिच्या भावाची ओळ मी ठाणेदारांची सही घेऊन काढून टाकली. नवं वर्तुळ निघालं, पुन्हा एकाच रंगाचं, खाली 'इतर'. "यात दाखवण्यासारखं काही नाही," ठाणेदार म्हणाले, आणि जुनं काढून फलक रिकामा ठेवला. साप्ताहिकवाल्याला मी स्वतः जाऊन भेटलो. तो म्हणाला, बातमी शिळी झाली. मोबाईलवर जुनं वर्तुळ अजूनही कधीकधी फिरत येतं. त्याचं काय करायचं, ते मला कळलेलं नाही.

दिवाळीच्या आधी माझी पँट पुन्हा आवळायला लागली. आठ दिवस मी ती कशीबशी चालवली, कारण तिच्यासमोर जायची हिंमत होत नव्हती. शेवटी गेलो. ती मशीनवर होती. मी पँट पुढे ठेवली आणि नजर चुकवत म्हणालो, "मापबिप राहू दे. लिहून घे, मागच्या वेळसारखंच."

तिने गळ्यातली टेप काढली आणि उठली.

"हात वर करा, रायटरभाऊ. मोजल्याबिगर मी लिहत नाही."

मी हात वर केले. मागच्यापेक्षा दोन इंच जास्त भरलं.