आभाळ निळं, तरी होडी नाही

मोताळ्याहून मलकापूर, मलकापूरहून मुंबई आणि पुढे दोन विमानं बदलून फिजी. मुलगी-जावई तिथं नोकरीला. मुलीला सातवा महिना, रविवारी तिचं डोहाळजेवण, म्हणून मी आणि बायको सुशीला, दोघं गेलो. पण मी पडलो हौशी. एवढ्या लांब जाऊन लहानसं बेट पाहिलं नाही, तर बाजारात लोकांना सांगायचं काय? गुरुवारी सुशीलाला होडीत घातलं आणि तासाभरावरच्या बेटावर गेलो. शनिवारी परत यायचं ठरलं होतं. नळगंगेच्या धरणापेक्षा मोठं पाणी तिनं आजवर पाहिलं नव्हतं.

बेटावर होडीवाल्या रामशरणच्याच घरी उतरलो. त्याचे पणजोबा उसाच्या मळ्यात मजुरीला हिंदुस्थानातून आलेले. हिंदी त्याची वेगळीच, पण कळायची. जेवायला डालो (अळूचा कंद), डाळ, रोटी. सुशीलानं पिशवीतून ठेचा काढला आणि रामशरणची बायको एका घासात पाणी-पाणी करू लागली. समोर समुद्र हिरवा, सपाट, शेततळ्यासारखा. दूर प्रवाळाच्या कड्यावर फक्त एक पांढरी रेघ.

आमच्या जिल्ह्यात अक्षय्यतृतीयेला शेतात घट मांडतात आणि सकाळी धान्य किती हललं ते पाहून वर्षाचं पाऊसपाणी सांगतात. शुक्रवारी संध्याकाळी मला लहर आली. वाळूत खड्डा केला, करवंटीत पाणी ठेवलं, भोवती तांदूळ आणि मूगडाळ मांडली. रामशरण हसत बघत होता. सकाळी पाहतो तर पाठीवर शंख घेतलेले खेकडे माझं भाकीत खात बसलेले! मी जराही न डगमगता जाहीर केलं, "धान्य पुढे सरकलं, म्हणजे प्रवास सुखाचा."

वर आभाळ धुतल्यासारखं निळं. रामशरण मात्र म्हणाला, "आज होडी नाहीं जाई, भइया."

"काऊन?" मी उसळलो. "ढग तरी दाखव एक!"

"आसमान नहीं, पानी देखो."

मला तो आळशी वाटला. मी त्याचं इतकं डोकं खाऊ लागलो की त्यानं मला एकट्याला होडीत बसवून कड्याच्या खिंडीपर्यंत नेलं. ती पांढरी रेघ जवळून घरापेक्षा उंच निघाली. शेकडो कोस दूर कुठंतरी वादळ झालं होतं आणि त्याच्या लाटा आता इथं पोचत होत्या. एक लाट खिंडीत उभी राहिली आणि मी आमच्या कुळातले सगळे देव एका दमात बोलावले. रामशरणनं निवांत होडी वळवली.

भिजून परत आलो तर सुशीला किनाऱ्यावर उभी.

"झालं समाधान? उद्या माही लेक एकटी बसंल पाटावर. तुमच्या बेटापायी!"

तिचे डोळे भरले होते. मला फार वाईट वाटलं.

रविवारी सकाळी आभाळ काळंकुट्ट, पाऊस असा की समोरचा माड दिसेना. मी म्हटलं, संपलं. तेवढ्यात रामशरणची हाक आली, "चलो चलो, पानी बैठ गया!"

"अरे, ह्या पावसात?" मी दारातच अडकलो. बाहेरची रेघ खरंच पुसट झाली होती, पण माझी नजर वरच जात होती. आम्ही कापसावाली माणसं, आयुष्यभर मान वर करूनच जगलो.

सुशीलानं पदर खोचला, हिरव्या साडीची पिशवी छातीशी धरली आणि गुडघाभर पाण्यातून जाऊन होडीत बसली.

"मी चालली. तुम्ही बसा ढग मोजत."

गेलो मुकाट्यानं. पाऊस तोंडावर सपासप, पण खाली समुद्र मऊ. खिंड कधी ओलांडली तेही कळलं नाही.

मुलगी पाटावर बसली होती, आईची वाट पाहून रडवेली झालेली. ओलीचिंब सुशीला दारात दिसली आणि पोरगी सगळ्यांसमोर हमसून रडली. सुशीलानं आधी तिचे गाल पुसले, मग ओटी भरली.

मोताळ्यात परतून महिना झाला. ओसरीवर मंडळी जमते आणि मी रंगवून सांगतो, ही कशी घाबरली, मी हिचा हात धरून धीर कसा दिला. सुशीला आतून चहा आणते, सगळं ऐकते आणि एका शब्दानं मला खोटं पाडत नाही. तिच्या त्या गप्प राहण्याची मलाच लाज वाटू लागली, म्हणून इथं लिहून टाकतो: हात तिनं धरला होता.