एकोणीस माणसांमागे एक जागा

माझे बाबा नागपुरात एका छापखान्यात नोकरी करायचे आणि उरलेला सगळा वेळ पक्षाला द्यायचे. सभेच्या आधी सतरंज्या अंथरायच्या, सभा संपली की झटकून, घड्या घालून परत करायच्या. निवडणूक जवळ आली की आई विचारायची, "यंदा तिकीट कुणाला?" बाबा म्हणायचे, "वरून नाव येईल." हे वर म्हणजे नेमकं कुठे, हे त्यांना कधीच कळलं नाही. नाव यायचं आणि बाबा त्या नावासाठी उन्हातान्हात फिरायचे. त्यांना त्यात काही गैर वाटत नसे. पाऊस वरून येतो तसं तिकीट वरून येतं, एवढंच.

मीही तेच मनात धरून अमेरिकेत आले. व्हिसावर दहाएक वर्षं काढली, ईडन प्रेरी नावाच्या गावात घर घेतलं, आणि एका शरद ऋतूत नवरा आणि मी दोघांनी नागरिकत्वाची शपथ घेतली. पुढच्याच फेब्रुवारीत शेजारच्या बाईंनी दार वाजवलं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या, दोन्ही गुडघे गेलेले, तरी बर्फातून काठी टेकत आल्या होत्या. आमची मुलगी त्यांना ग्रँडमा म्हणायची. दारातच बूट झाडत त्या म्हणाल्या, "मंगळवारी संध्याकाळी सात वाजता, कोपऱ्यावरच्या शाळेत. राष्ट्राध्यक्षपदासाठी आपल्या पक्षाचा उमेदवार निवडायचाय."

"कोण निवडणार?"

"आपण," त्या म्हणाल्या. "आणि येताना पेन आण. शाळेतली पेनं चालत नाहीत."

मला वाटलं, म्हातारी गंमत करते आहे. पण गेले. तिसरीचा वर्ग होता. भिंतीवर पाढे, बसायला मुलांच्या बुटक्या खुर्च्या. आमच्या गल्ल्यांमधली अकरा माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. कुणाला कोणता उमेदवार हवा ते चिठ्ठीवर लिहून झालं. मग पुढच्या पायरीच्या अधिवेशनासाठी इथून सहा प्रतिनिधी पाठवायचे होते आणि हात वर झाले पाच. शेजारच्या बाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी हात वर केला.

घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, "अरे, मी डेलिगेट झाले."

"कशाची?"

"राष्ट्राध्यक्षाच्या उमेदवारीची."

तो डिशवॉशर लावत होता. "बरं. आधी तो झारा इकडे दे," म्हणाला.

आमचा उमेदवार तिसऱ्या क्रमांकाचा होता. टीव्हीवर त्याला फार कुणी विचारत नव्हतं, पण माझ्यासारख्या व्हिसाच्या रांगेत वर्षानुवर्षं ताटकळलेल्या लोकांबद्दल तो एकटाच बोलायचा. शेजारच्या बाईंना तो आवडायचा औषधांच्या किमतींसाठी. आम्ही दोघी त्याच्या बाजूच्या.

मार्चमधल्या एका शनिवारी हायस्कूलच्या जिममध्ये पुढचं अधिवेशन भरलं. दारात प्रत्येकाच्या हातात स्टेपल केलेली एक पुस्तिका दिली. नियम. मला वाटलं, आता भाषणं होतील. पण पहिला दीड तास नुसता हे नियम मान्य करण्यात गेला. कुणी उठून म्हणे, अमुक कलमात पाच मिनिटांऐवजी दहा करा. त्यावर चर्चा, मग मतदान. मी कंटाळून शेजारच्या बाईंना विचारलं, "उमेदवारांचं कधी सुरू होणार?"

"हे उमेदवारांचंच चाललंय," त्या म्हणाल्या. "लक्ष दे."

मला ते तेव्हा उमजलं नाही. मग अध्यक्षीणबाईंनी आकडा सांगितला. हजर प्रतिनिधी एकशे नव्वद, पुढे पाठवायचे दहा. म्हणजे एकोणीस माणसांमागे एक जागा. ज्याला जो उमेदवार हवा त्यानं त्या उमेदवाराच्या पाटीखाली जाऊन उभं राहायचं. एकोणीस भरले तर गट टिकला, नाही भरले तर मोडला, आणि मोडलेल्या गटातल्यांनी दुसऱ्या पाट्यांखाली जायचं.

आणि माणसं खरंच चालू लागली. मी असं कधी पाहिलं नव्हतं. माझ्या लेखी मत म्हणजे पडद्याआड दाबलेलं बटण. इथे मताला पाय होते. बास्केटबॉलच्या रेघांवरून लोक या पाटीकडून त्या पाटीकडे निघाले होते, मध्येच थांबून वाद घालत होते, एकमेकांना बाहीला धरून ओढत होते. एक जोडपं हसत हसत दोन वेगळ्या कोपऱ्यांत गेलं. आपला देश केवढा, आणि त्याचा राष्ट्राध्यक्ष कोण व्हावा हे इथे, रबराच्या बुटांचा वास येणाऱ्या या जिममध्ये, कुणीतरी उठून आठ पावलं चालल्यानं ठरतंय, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला.

आम्ही आमच्या पाटीखाली मोजलं. एकोणीस. बरोबर एकोणीस. पुन्हा मोजलं. तेवढेच. वेळ संपल्याची शिटी झाली, दारं बंद झाली आणि मोजणारा स्वयंसेवक आला. प्रत्येकाच्या खांद्याला हात लावत त्यानं मोजलं आणि वहीत लिहिलं, अठरा.

"एकोणीस आहोत!" मी म्हणाले.

"इथे उभे अठरा आहेत."

मग लक्षात आलं. शेजारच्या बाई मागे लाकडी बाकांवर बसल्या होत्या. त्यांच्यानं तेवढा वेळ उभं राहवत नव्हतं. आम्ही त्यांना धरून मोजलं होतं, त्यानं धरलं नव्हतं. मी धावत अध्यक्षीणबाईंकडे गेले. त्या वाईट नव्हत्या, पण थकल्या होत्या. "शिटीनंतर कुणी जागा बदलायची नाही," त्या म्हणाल्या. "पाटीखाली असतील तेच मोजायचे. मला वाईट वाटतं, पण गट मोडला." मी काहीतरी बोलत राहिले. घाबरले की माझं इंग्रजी अडखळतं, तसं ते अडखळलं. बाकांवर बसलेल्या बाई काठीवर दोन्ही हात ठेवून जमिनीकडे बघत होत्या.

तेवढ्यात माइकवरून आवाज आला, "हरकतीचा मुद्दा."

बोलणारे गृहस्थ सगळ्यात मोठ्या गटाचे म्होरके होते. उंच, पांढऱ्या मिशांचे. रेल्वेत सिग्नल सांभाळण्यात त्यांची हयात गेली होती, हे मला मागाहून कळलं. मला वाटलं, आता हे आमच्यावर शेवटचा खिळा ठोकणार. कारण आमचा गट मोडला तर दहावी जागा त्यांच्याच गटाला मिळणार होती. हिशेब सगळ्यांना दिसत होता.

त्यांनी पुस्तिका उघडली. "पान सात, शेवटचा परिच्छेद," ते म्हणाले आणि सावकाश वाचलं. ज्या प्रतिनिधीला चालणं किंवा उभं राहणं शक्य नाही, तो बसेल तिथे, तो सांगेल त्या गटात मोजला जाईल. मग त्यांनी बाकांकडे हात केला. "त्या बाई तिथे बसल्या आहेत. त्यांना कुणी विचारलंय का?"

अध्यक्षीणबाईंनी स्वतःची पुस्तिका उलटून पाहिली. मग त्या व्यासपीठावरून खाली उतरल्या, बाकांपर्यंत चालत गेल्या आणि त्यांनी विचारलं. शेजारच्या बाईंनी काठी उचलून आमच्या पाटीकडे दाखवली.

एकोणीस झाले. दहावी जागा आमची झाली, म्हणजे त्यांची गेली. त्यांच्या गटातल्या एकानं त्यांना चांगलंच सुनावलं. ते ऐकून घेत उभे राहिले.

आमच्या गटानं जागेसाठी शेजारच्या बाईंचं नाव पुढे केलं. त्या म्हणाल्या, "माझे गुडघे तिथवर पोचायचे नाहीत. हिला पाठवा." अशी मी पुढच्या पायरीवर गेले. त्या दिवशी जिममधून निघताना त्या गृहस्थांना गाठलं. आभार मानले आणि विचारलं, "तुम्ही गप्प बसला असतात तर?"

"ते कलम मीच लिहिलंय," ते म्हणाले. "माझी बायको चाकाच्या खुर्चीत होती त्या वर्षी." आणि कोट चढवून गेले.

त्या रविवारी मी बाबांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तो माणूस विरोधी गटाचा होता ना? पुन्हा सांग बरं." मी पुन्हा सांगितलं.

पुढचं अधिवेशन मे महिन्यात एका कॉलेजच्या कँटीनमध्ये होतं. आजूबाजूच्या गावांचे मिळून आम्ही शंभर जण होतो. इथून पाच जण थेट राष्ट्रीय अधिवेशनाला जायचे होते, जिथे उमेदवाराचं नाव पक्कं होणार होतं. इथला नियम वेगळा होता. ज्या उमेदवाराला शंभरात पंधरा माणसं मिळणार नाहीत, त्याला शून्य. पंधराच्या आत सगळे सारखेच.

आम्ही तेरा भरलो.

तेरा आणि पंधरा यांत दोन माणसं. त्या दोन माणसांपायी आमचा उमेदवार त्या खोलीतून पुसला गेला. बाकीच्या भागांतूनही तशाच बातम्या येत होत्या. कुठे बारा, कुठे चौदा. सगळीकडे त्याची माणसं होती आणि कुठूनच त्याचा एकही प्रतिनिधी निघत नव्हता. मी कँटीनच्या खुर्चीवर बसून त्या पंधराच्या आकड्याकडे बघत राहिले. तो आकडा दहा असता तर? एक ओळ, एक आकडा, कुठल्यातरी समितीनं केव्हातरी घातलेला. त्यावर एका माणसाचं नशीब आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या हजारोंचं म्हणणं टांगलेलं. मला राग यायला हवा होता. आलाही थोडा. पण त्याहून जास्त मी थक्क झाले होते, एवढी ताकद एवढ्या बारीक अक्षरांत असते यानं.

मग आम्हा तेरा जणांची किंमत एकदम वाढली. उरलेल्या दोन उमेदवारांच्या बाजूला पंचेचाळीस आणि बेचाळीस होते. आम्ही जिकडे जाऊ तिकडे पाचवी जागा जाणार होती. दोन्हीकडची माणसं आमच्या टेबलाशी आली. पंचेचाळीसवाल्यांकडून ते रेल्वेचे गृहस्थच आले. मला बघून हसले. जिमची आठवण त्यांनी चुकूनही काढली नाही. आपल्या उमेदवाराबद्दल पाच मिनिटं बोलले.

मी विचारलं, "व्हिसाच्या रांगेतल्या लोकांसाठी तुमचा उमेदवार काय करणार?"

ते म्हणाले, "खरं सांगायचं तर, त्यावर तो काही बोललेला नाही. दुसरा बोललाय, थोडंसं."

या माणसानं दुसऱ्यांदा स्वतःच्या नुकसानीचं खरं सांगितलं होतं. मन म्हणत होतं, अशा माणसाच्या मागे जावं. पण निवड त्याची करायची नव्हती. उपकाराची फेड म्हणून दिलेली मतं मी लहानपणी पुष्कळ पाहिली होती. साडीसाठी दिलेली, जातीसाठी दिलेली, कुणी दवाखान्यात पोचवलं म्हणून दिलेली. हे कारण त्याहून चांगलं होतं, तरी जात तीच होती. मी उठले आणि दुसऱ्या उमेदवाराच्या टेबलाकडे गेले. जाताना त्यांना सांगितलं, "माफ करा."

"माफी कसली?" ते म्हणाले. "तू प्रश्न बरोबर विचारलास."

आमच्यातले सात जण माझ्याबरोबर आले, बाकीचे पाच त्यांच्याकडे गेले. मोजणी झाली. पन्नास आणि पन्नास. समसमान.

नियमात त्याचीही सोय होती. चिठ्ठी. अध्यक्षांनी कॉफीच्या कागदी पेल्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या आणि कँटीनमधल्या स्वयंपाकीणबाईंना बोलावून एक उचलायला सांगितलं. त्यांनी ॲप्रनला हात पुसले, डोळे मिटले आणि उचलली. पाचवी जागा रेल्वेच्या गृहस्थांच्या बाजूला गेली. त्यांच्या गटानं तीन नावं निवडली, त्यांतलं एक त्यांचं.

उन्हाळ्यात राष्ट्रीय अधिवेशन टीव्हीवर दाखवलं तेव्हा मी शेजारच्या बाईंच्या दिवाणखान्यात होते. एकेक राज्य उठून आपली मतं पुकारत होतं. मुलगी म्हणाली, "आई, इट्स जस्ट नंबर्स." आमच्या राज्याची पाळी आली. माइकपाशी कुणी बाई होत्या आणि त्यांच्या मागे, अर्धे झाकलेले, ते रेल्वेचे गृहस्थ उभे होते. गळ्यात बिल्ला, हातात घडी केलेला कागद. बाईंनी आकडे सांगितले. चार-पाच सेकंद लागले असतील. सभागृहात टाळ्या झाल्या आणि कॅमेरा पुढच्या राज्याकडे वळला.

मी मुलीला जवळ घेतलं आणि त्या आकड्यातलं एक मत कुठून आलं ते पहिल्यापासून सांगायला लागले. शेजारच्या बाईंनी टीव्हीचा आवाज कमी केला.