गोदाकाठची खोली आणि सात घरं

आज सकाळी पहिल्या एसटीने अंबडहून निघालो आणि कुंभार पिंपळगावच्या पुढं गोदावरीकाठच्या एका लहान गावात पोचलो. उन्हाळा काढायला नदीजवळ स्वस्त, शांत जागा शोधत होतो.

मंडळी, खरं कारण सांगतो. बायको जाऊन वर्ष होत आलं. रिकाम्या घरात घास गळ्याखाली उतरत नाही.

महादेवाच्या देवळामागची खोली आवडली. भाडं नाही, फक्त रोज देऊळ झाडायचं. किल्ली गुरवाच्या आईकडे होती.

"एकटेच का भाऊ? मालकीण न्हाई आल्या?"

"वारल्या."

म्हातारीनं मला खालीवर न्याहाळलं. मग म्हणाली, "खोली घ्या, पन इथं एकट्याची चूल मांडू देत न्हाईत. गावात सात घरं ठरलेली हायेत. रोज एका घरी जेवायचं."

"मावशी, लोकांना त्रास कशाला? मी करून खाईन."

"काय करून खाता ते दिसून राह्यलंय! पट्ट्याला नवी भोकं पाडलीत की."

मी "विचार करतो" म्हणून घाटावर जाऊन बसलो. घरी आम्हाला वाढायला शिकवलं होतं, दुसऱ्याच्या दारी जेवायला नाही. नाम घ्यायला लागलो, पण मन त्यात लागेना. वर्षभर देवाकडे सोबत मागायची, आणि कुणी जेवायला बोलावलं की लाजायचं, हे बरोबर आहे का? तुम्ही काय केलं असतं?

आज सोमवार. दुपारी मी किल्ली घेतली, आणि सोमवारच्या घरी जाऊन ताटावर बसलो.