आत्याबाईंची केबिन

राहत्या घरातून स्वतःलाच बाहेर काढणारी बाई अख्ख्या नाशकात एकच झाली, आणि ती माझ्या बायकोची आत्या. ऐंशी साल उजाडायच्या सुमाराला आत्याबाई सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्या. तीस वर्षं त्यांचं टेबल जिन्याखाली होतं, आणि त्यांच्याकडून मसुदे लिहायला शिकलेली पोरं साहेब होऊन केबिनमध्ये बसत. निवृत्तीनंतर आठवड्याभरात त्यांनी गंगापूर रोडवरच्या आपल्या जुन्या दोन खोल्यांच्या फ्लॅटचं ऑफिस करायला घेतलं. लोकांचे अर्ज लिहून द्यायचं ऑफिस. ओटा फोडून तिथे फायलींची कपाटं आली, स्टो गॅलरीत गेला, पलंग आमच्याकडे आला. झोपायच्या खोलीत सनमायकाचं टेबल, फिरती खुर्ची, दाराला धुरकट काच आणि काचेवर त्यांचं नाव.

"आणि झोपणार कुठे?" मी विचारलं.

"बाहेरच्या खोलीत, लोकांसाठी ठेवलेल्या बाकावर. ऑफिस सुटल्यावर तो रिकामाच असतो, जावईबापू."

राहत्या इमारतीत ऑफिस चालणार नाही, अशी नोटीस घेऊन सोसायटीचे सेक्रेटरी आले. आत्याबाईंनी लाल शाईनं तिच्यातल्या अकरा चुका दुरुस्त केल्या, जावक क्रमांक नाही म्हणून ती परत केली, आणि तळमजल्यावरच्या त्यांच्या पत्नीच्या शिवणक्लासला कोणता नियम लागू आहे, असं लेखी विचारलं. सेक्रेटरी पुन्हा आले नाहीत.

एकदा पेठ तालुक्यातले एक म्हातारे चपला जिन्यातच काढून आले. "साहेब कुठं हायेत?"

"मीच. चपला घालून या. हे ऑफिस आहे, देऊळ नाही."

तरी ते जमिनीवरच बसले. आत्याबाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही वर बसल्याशिवाय मी बसणार नाही." बराच वेळ तसाच गेला. शेवटी म्हातारे खुर्चीच्या कडेवर टेकले, मग त्यांच्या जमिनीचा अर्ज झाला.

सात-आठ वर्षांनी आत्याबाईंना अंथरूण धरावं लागलं. आमच्याकडे यायला त्यांनी साफ नकार दिला. पलंग परत आणू दिला, पण केबिनमध्ये, आणि दार काढायचं नाही या अटीवर. आम्ही घरची माणसंसुद्धा काचेवर टकटक करून, "येऊ का?" विचारूनच आत जायचो. आतून "या" यायचं. पुढे पुढे ते इतकं हळू येऊ लागलं, की आम्ही काचेला कान लावून उभे राहायचो.