अंघोळ करून येणारा नवरा

माझी काकू संशयी होती, हे मी सौम्य शब्दांत सांगतेय. काका गुलाबांच्या पॉलिहाऊसमध्ये कीटकनाशक फवारायचा आणि घरी यायचा तो अंघोळ करून, कपडे बदलून. राबलेला माणूस घामेजलेला यायला हवा, एवढं काकूचं साधं गणित. त्यात तिथल्या पॅकिंगच्या खोलीत सगळ्या बायकाच. काकाचे डोळे कायम पाणावलेले, म्हणजे हा कुणासाठी तरी रडून येतो, हे तिनं ठरवूनच टाकलं.

"उद्यापासून कामाचे कपडे घरी आणा. मी धुईन."

"ते तिथेच धुवायचे असतात."

"कोण धुतं?"

"मशीन."

"मशीनला नाव असेल ना काहीतरी?"

रोजच्या कटकटीला कंटाळून काका नियम मोडून कपड्यांची पिशवी आणू लागला. काकू प्रत्येक शर्ट नाकाला लावून हुंगायची, मग हातांनी घासायची. अत्तराचा मागमूस नाही, नुसता औषधाचा उग्र दर्प. तरी तिचा नाद सुटेना.

एके दुपारी मोरीतच तिची लाळ गळायला लागली. पापण्या फडफडत होत्या, श्वास पुरत नव्हता. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिलं, तर डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. इंजेक्शनांनी ती सावरल्यावर बाई म्हणाल्या, "नस स्नायूला निरोप देते. तो पोचला की पुसून टाकायला शरीरात एक एन्झाइम असतं. कपड्यांतलं हे विष त्यालाच धरून बसतं. मग नस तेच तेच सांगत राहते."

काकानं काकूकडे पाहिलं.

काकाचंही रक्त तपासलं. त्याचं एन्झाइम तिच्याहून खाली गेलेलं. "यांची फवारणी आजपासून बंद. पुढच्या वेळी श्वासच थांबेल," बाई म्हणाल्या.

"तुम्हाला त्रास होत होता?" काकूनं विचारलं.

"डोळे चुरचुरायचे. सांगितलं असतं तर तू काम सोडायला लावलं असतंस."

"म्हणजे लपवत होतातच. आणि मी वेडी, बाई शोधत बसले." ती रडली, मग रागावली, मग पुन्हा रडली.

बरी झाल्यावर ती स्वतः त्याला घेऊन मुकादमाकडे गेली, मीही सोबत होते. फवारणीपासून लांबचं एकच काम रिकामं होतं, पॅकिंगच्या खोलीत जुड्या बांधायचं. काकूनं दारातून आतल्या एकेकीला न्याहाळलं. एक तर चांगलीच देखणी होती. तिला पाहताच काकूनं काकाचा दंड घट्ट धरला, ते मला दिसलं.

मग तिनं काकाला आत ढकललं.

"बसा त्यांच्यात," ती म्हणाली. "आणि हातमोजे घाला."